गौराबाईची वरची मूठ

लोहाऱ्याच्या स्टँडसमोर जीपवाले 'उमरगा, उमरगा' म्हणून गळा ताणत असतात. तिथून चार दुकानं आत गेलं की गौराबाईचं भुसार दुकान लागतं. मागं ज्वारीच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या पोत्यांची रांग, पुढं हातभर उंच ओटा आणि ओट्यावर बसलेली गौराबाई. कपाळाला विभूती, तिच्यावर ठसठशीत कुंकू, पदर डोक्यावरून असा घेतलेला की वारं सुटलं तरी जागचा हलत नाही. गिऱ्हाईक पायरीशी आलं की ती मान अशी वर करते, जणू सकाळपासून ह्याच माणसासाठी दुकान उघडून बसली होती. एखाद्याला हे वरदान जन्मतः मिळतं. नाटकात असती तर पहिल्या प्रवेशालाच टाळी घेऊन गेली असती.

तिची एक रीत साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडा बरोबर आला, की तिचा हात पुन्हा पोत्यात जायचा आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर एक मूठ पडायची. आकडा पुढं सरकायचा, पण तिकडं ती बघायचीच नाही. सासूनं पायलीच्या काळात शिकवलेलं तिनं काट्याच्या काळातही सोडलं नव्हतं. सासू म्हणायची, "सपाट माप म्हंजे गिऱ्हाइकाला 'जा' म्हणणं. शीग लावली, की 'परत या' म्हटल्यागत होतं."

माकणीचा हरिबा दर बाजारला यायचा आणि दर बाजारला तेच विचारायचा, "अक्का, तुमचा काटा खोटं बोलतो का वो?"

"काटा खरंच बोलतो," गौराबाई म्हणायची. "म्या वर बोलते."

"अशानं दुकान बुडंल."

"बुडू दे. तू काढायला ये."

मागं पोत्याला टेकून बसलेला धोंडप्पा तेवढ्यापुरता हसायचा. हा गौराबाईचा नवरा. मूळचं दुकान त्याचं, त्याच्या बापाचं. माणूस सरळ, मितभाषी, आणि तरुणपणी एका गोष्टीचा भारी शौकीन. जत्रेत गावचं नाटक उभं राहिलं की ह्याला पहारेकऱ्याचं काम हवंच असायचं. हातात भाला, ओठावर काजळाची मिशी, आणि वाक्य एकच: 'महाराज, दारी कुणी आलंय.' तेही तो दरसाल वेगळ्याच जागी म्हणून टाकायचा. एकदा तर महाराज रंगमंचावर यायच्या आधीच म्हटलं. लोक पोट धरून हसले, आणि पुढच्या साली पुन्हा त्यालाच उभा केला. काय दिवस होते ते. कनातीच्या कापडाला वास यायचा, धुळीचा आणि चुरमुऱ्यांचा, आणि तो वास आला की गाव आपोआप गप्प व्हायचं.

पुढं धोंडप्पाला रक्तदाबानं धरलं. तो रक्तदाब आत बसून काय करतोय हे कुणाला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा दोन्ही किडन्या वाळल्या होत्या. मग उमरग्याला डायलिसिस. जीपमध्ये जाताना तो बोलायचा नाही आणि येताना त्याच्यानं बोलवायचं नाही. शेवटी सोलापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बसवू." रक्तगट जुळला तो गौराबाईचा.

भावकीत मोठं नवल झालं. कुणी म्हणालं, "नवऱ्याला पोटातलं काढून दिलं बाईनं." त्यावर ती म्हणाली, "पोटातलं न्हाय, पाठीतलं." शेजारणींनी थट्टा केली, "का ग, सासरी धाडली का किडनी?" इतर बायका हसल्या, पण गौराबाईनं ती गोष्ट मनावर घेतली. तिला ती उपमा पटलीच. आपल्या अंगातली एक पोरगी आपण ह्या माणसाच्या अंगात नांदायला पाठवलीय. नीट नांदली पाहिजे.

त्यात डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना जे सांगितलं, ते ह्या उपमेला अगदी चपखल बसलं. त्या म्हणाल्या, "काकू, काकांच्या शरीराला ही किडनी परकी वाटते. ते तिला हाकलायला बघणार. ह्या गोळ्या शरीराला गप्प ठेवतात. एकही गोळी चुकवायची नाही. ताप येवो, प्रवास असो, घरात लग्न असो. कधीच नाही."

म्हणजे सासू-सासरे वाईट आहेत, आणि गोळ्या त्यांचं तोंड बंद ठेवतात. गौराबाईनं एवढं धरलं आणि घट्ट धरलं.

धोंडप्पाची लिंगपूजा सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी व्हायची. गोळ्यांनाही ठरल्या वेळाच पाहिजेत, तेव्हा तिनं दोन्हीची गाठ घातली. पूजा झाली, लिंग पुन्हा गळ्यात गेलं, की तो डोळे मिटूनच तळहात पुढं करायचा आणि ती त्यावर गोळ्या ठेवायची. काय आहे, किती आहे, तो कधी बघायचा नाही. हात तोंडाशी, वर घोटभर पाणी. वर्षभरात एक वेळ चुकली नाही. पाव्हण्यांच्या गर्दीतही नाही, तो रुसून बसला होता तेव्हाही नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा मातकटपणा गेला, पायाची सूज गेली, आणि तो पुन्हा पोत्याला टेकून हरिबाच्या थट्टेला हसू लागला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सोलापूरहून करिश्माचा फोन आला. ही हॉस्पिटलातली मुलगी, किडनी बसवलेल्या लोकांची विचारपूस करणारी. आवाज गोड आणि सवय अशी, की वाईट बातमी आधी जेवणाची चौकशी करून मग सांगायची.

"काकू, जेवलात का?"

"जेवले. काय झालं ते बोल पोरी."

"काही नाही हो. परवाच्या तपासणीत काकांच्या रक्तात क्रिएटिनिन जरा वर गेलंय, किडनी थकली की वाढतं ते. घेऊन या त्यांना."

धोंडप्पाला तर काहीच होत नव्हतं. दुखत नव्हतं, ताप नव्हता, लघवी चांगली होत होती. तो म्हणाला, "मशिनीत बिघाड असंल." पण गेले. सोलापूरची एसटी, तोंडाला मास्क, खिडकीची जागा. रक्त दिलं, लघवी दिली. पुढच्या फेरीला डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"काका, किडनीत एक विषाणू शिरलाय. बीके म्हणतात त्याला. तो बाहेरून काल-परवा आलेला नाही. लहानपणीच अंगात येतो, बहुतेकांच्या असतो. तुमच्या, माझ्या. आपल्याला कळतही नाही. तो झोपलेला असतो, कारण अंगातले पहारेकरी जागे असतात. तुमचे पहारेकरी आपण गोळ्या देऊन झोपवलेत. म्हणून हा उठला, आणि नेमका नव्या किडनीत ठाण मांडून बसला."

"मग त्याला मारायची गोळी द्या," गौराबाई म्हणाली.

"नेमकं त्यालाच मारेल असं खात्रीचं औषध नाही काकू. उपाय एकच. चालू गोळ्या कमी करायच्या. पहारेकरी अर्धवट जागे होऊ द्यायचे. पुरते जागे झाले तर किडनीवरच धावून जातील, म्हणून मोजून-मापून कमी."

"जमंल की," धोंडप्पा म्हणाला. "गावच्या नाटकात म्या पहारेकरीच असायचो. कायम अर्धवट जागा."

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. गौराबाई हसली नाही. तिच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. तिनं विचारलं, "बाई, हा माझ्याकडनं गेला असंल का? किडनीसंगं?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "गेलाही असेल. काकांच्या अंगातलाही असेल. ते सांगता येत नाही, आणि त्यात कुणाचा दोष नसतो."

पुढचं अर्धं वाक्य गौराबाईच्या कानात शिरलंच नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. पोरगी सासरी धाडली, आणि तिच्या ट्रंकेत रोग बांधून दिला.

घरी आल्यावर तिनं सांगितल्याप्रमाणं केलं. मोठी गोळी निम्म्यावर आली, बारकी कॅप्सूल सकाळची एक कमी, संध्याकाळची एक कमी. पूजा झाली, धोंडप्पानं तळहात पुढं केला, तिनं त्यावर गोळ्या ठेवल्या. त्या रुंद, पोती उचलून राठ झालेल्या तळहातावर ते औषध एवढंसं दिसलं. जन्मात तिनं कुणाला कमी दिलं नव्हतं. दारी आलेल्या जंगमाला नाही, उधारी बुडवणाऱ्याला नाही. आणि आता ह्याला? ती पोरगी आत एकटी आहे, तिच्यावर सगळे उठलेत, आणि आपण तिच्या पाठीशी उभं राहायचं सोडून हात आखडता घ्यायचा?

तीन-चार दिवस तिनं काळजावर दगड ठेवला. मग एका सकाळी जुन्या पाकिटातली एक कॅप्सूल तिनं वर ठेवली. संध्याकाळीही ठेवली. आपण काही मोडतोय असं तिला वाटलंच नाही. बाईंनी सांगितलेलं माप बाईंचं, वरची मूठ आपली. हळूहळू मोठी गोळीही पूर्ववत झाली. आणि गंमत अशी, की गोळ्या पुरत्या पडू लागल्यावर तिला शांत झोप लागायला लागली.

उमरग्याला दिलेली लेक शिवानी फोनवर विचारायची, "अव्वा, गोळ्या कमी केल्यास ना?"

"केल्या की," गौराबाई म्हणायची. तेवढं म्हणून मात्र ती लगेच फोन ठेवायची. म्हणजे आत कुठंतरी तिला कळत होतंच.

धोंडप्पा तळहात पुढं करत राहिला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी होती. त्या कागदावरून नजर उचलेनात. रक्तातला विषाणू कमी व्हायचा, तो कितीतरी वाढला होता. क्रिएटिनिन आणखी वर.

"मला एक समजत नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्या कमी केल्या, तरी रक्तात औषध पहिल्याइतकंच दिसतंय. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरचं औषध चालू आहे का? गावठी काढा वगैरे? डाळिंब खाता का रोज? त्यानंही रक्तात औषध वाढतं."

"न्हाय," धोंडप्पा म्हणाला.

"काकू, तुम्ही बघता ना गोळ्यांचं?"

गौराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"असंच चाललं तर ही किडनी जाईल," डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या. "मला सुई घालून तिचा तुकडा काढून बघावा लागेल, आत किती नासलंय ते. पण आधी हे कोडं सुटलं पाहिजे. नाहीतर मी जे करेन ते आंधळ्यासारखं."

खोलीत पंखा फिरत होता. रंगमंचावर अशी एक घडी असते. सगळी पात्रं उभी, वाक्य कुणाचं आहे ते सगळ्यांना ठाऊक, आणि ज्याचं आहे त्याच्या तोंडून ते निघत नाही.

मग दुसऱ्याच कुणीतरी ते घेतलं. धोंडप्पा घसा खाकरून म्हणाला, "बाई, गोळ्या म्याच जास्त खाल्ल्या. जुन्या पडल्या व्हत्या घरात. हिला न्हाय ठाव."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं रेलल्या. "काका, का हो? एवढं समजावून सांगितलं मी."

"भ्यालो."

"भिऊन काय होणार होतं? हे बघा, तुम्ही..." आणि त्या त्याला बोलू लागल्या. जे बोलायला हवं ते, जसं बोलायला हवं तसं. धोंडप्पा मान खाली घालून ऐकत होता. सारं आयुष्य उशिरा नाहीतर लवकर बोललेला माणूस, आज वेळेवर बोलला होता, आणि तेही दुसऱ्याच्या वाटणीचं.

गौराबाई त्याच्याकडं बघत राहिली. म्हणजे ह्याला ठाऊक होतं. इतके दिवस.

"त्यास्नी बोलू नका बाई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "त्यांनी कधी गोळीकडं बघितलं बी न्हाय. म्या देत व्हते. कमी गोळ्या बघितल्या की वाटायचं, माझ्या पोरीला घरातनं काढतील."

डॉक्टरीणबाईंना 'पोरगी' कोण ते कळायला क्षणभर लागला. कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"काकू, वर्षापूर्वी मीच सांगितलं होतं, एकही चुकवू नका. तेव्हा ते खरं होतं. आज कमी करा म्हणते, तेही तिच्यासाठीच म्हणते. तेव्हा तिला धोका घरातल्या माणसांचा होता. आज घरात चोर शिरलाय. आता घरातल्यांनाच हाक मारायला लागणार."

"आन् ती मानसं तिच्यावरच उठली तर?"

"उठतील कदाचित. म्हणून तर मी वरचेवर रक्त तपासणार. तुमच्या इतकीच मीही भिते तिच्यासाठी."

हे शेवटचं वाक्य गौराबाईला कुठंतरी आत जाऊन लागलं. आपल्याशिवाय आणखी कुणी त्या पोरीसाठी भीत असेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सुईची तारीख घेऊन दोघं बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकावर बसले. करिश्मा जाता-जाता चहा ठेवून गेली. तिला सगळं कळलं असावं, कारण तिनं जेवणाची चौकशी केली नाही.

"तुमाला कवा कळलं?" गौराबाईनं विचारलं.

"पयल्याच दिवशी. अगं, हातावर पडलेला दाणा मला डोळे मिटून कळतो. गोळी कळणार न्हाय?"

"मग बोलला कामून न्हाय?"

धोंडप्पानं चहा फुंकला. "चीज तुझी. तुझ्या अंगातली. तिला कसं सांभाळायचं ते म्या तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

समोरून स्ट्रेचर गेलं, मागनं नातलग गेले. गौराबाई म्हणाली, "माझी कुठली वो? गिऱ्हाइकाच्या पिशवीत एकदा माप रिचवलं, की ते त्याचं. त्यात परत हात घालणाऱ्याला काय म्हणतात बाजारात?"

"लबाड."

"मग म्या तेच करीत व्हते की."

"लबाड न्हाय," धोंडप्पा म्हणाला. "खुळी."

"आन् तुमी?"

"म्या महाखुळा. चोर शिरला ते दिसत व्हतं, आन् म्हटलं, मालकीण म्हणंल तवा ओरडू."

ती हसली, आणि हसता-हसता पदर डोळ्याला लावला. त्यानं तिकडं न बघता उरलेला चहा तिच्या कपात ओतला. उभ्या जन्मात दोघं एकमेकांशी इतकं सरळ बोलली नव्हती. बोलायची गरजच पडली नव्हती. ती वाढायची, तो खायचा, आणि संसार चालायचा. पण काही संसार असे असतात की नुसतं वाढून-खाऊन चालत नाही, विचारावंही लागतं. ही गोष्ट साठीच्या आसपास शिकायला मिळाली, तरी ती शिकल्यातच जमा.

सुई झाली. तुकडा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडा भाग सुकलाय. तो परत यायचा नाही. उरलेला वाचवायचा आहे."

त्या दिवसापासून रीत बदलली. पूजा झाली की धोंडप्पा डोळे उघडायचा, स्वतःच्या हातानं पाकिटं फोडायचा आणि तळहात गौराबाईसमोर धरायचा.

"बग. बरोबर?"

"बरोबर."

एवढंच. पण सुरुवातीला गोळ्या गिळून तो दुकानात गेला की ती देवघरातच बसून राहायची. जुनी पाकिटं तिनं शिवानीला बोलावून तिच्या पिशवीत घातली. "तुझ्या घरी बी ठेवू नको. करिश्माला नेऊन दे," म्हणाली. स्वतःच्या हातावर तिचा भरवसा नव्हता.

पहिल्या तपासणीत विषाणू होता तेवढाच. शिवानी फोनवर रडली. गौराबाई रडली नाही. "वाढला न्हाय ना?" एवढंच म्हणाली. त्यानंतर आकडा उतरू लागला. आधी जिवावर आल्यासारखा, हट्टी पाव्हण्यासारखा, मग एकदम बराच. मध्ये एकदा धोंडप्पाला किरकोळ ताप आला, तेव्हा तिनं कपाळाला हात लावून आधी करिश्माला फोन लावला. काढा नाही, अंगारा नाही. साध्या सर्दीचा ताप निघाला. तो उतरला, पण तेवढ्या दोन दिवसांत ती जेवली नव्हती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त धोंडप्पाच्या आलं, आणि ह्या खेपेला तो गप्प बसला नाही. ताट वाढून स्वतः घेऊन आला. "ब्याड म्हणायचं न्हाय," म्हणाला. नको म्हणायला तिच्या माहेरच्या कानडीत 'ब्याड' म्हणत. लग्नानंतर तिच्याकडून त्यानं उचललेला तो पहिला शब्द होता.

ज्वारीची रास नवी यायला लागली तेव्हा पुन्हा सोलापूरची फेरी झाली. डॉक्टरीणबाईंनी ह्या वेळी कागदावरून नजर पटकन उचलली.

"विषाणू रक्तात जवळजवळ दिसेनासा झालाय," त्या म्हणाल्या. "किडनी पहिल्यासारखी नाही, ते खोटं सांगणार नाही. क्रिएटिनिन पहिल्यापेक्षा थोडं वरच राहणार. पण ती आता एका जागी थांबलीय. चालतेय. नीट सांभाळलं तर खूप चालेल."

धोंडप्पानं हात जोडले. गौराबाईनं काहीतरी विचार केला, ओठ मिटले, पुन्हा उघडले. जिनं आयुष्यात मापात कधी काटछाट केली नाही, ती बाई खुर्चीच्या कडेला सरकून अदबीनं म्हणाली, "बाई, मग अजून एक कमी करायची का?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग धोंडप्पाकडं. मग त्यांना हसू आवरेना.

"नको काकू. आता इथंच थांबायचं. ना खाली, ना वर."

"मग ठीक हाय," गौराबाई म्हणाली आणि उठली. दारापाशी ती थांबली, नवऱ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलं न्हवं तुमी? का मलाच घरी जाऊन परत सांगायला लावणार?"

"ऐकलं," धोंडप्पा म्हणाला. "चल. लोहाऱ्याची गाडी चुकंल."